कबीराला गुरू कुणाला हवा होता?

वाराणसीच्या पंचगंगा घाटावर कबीराची एक गोष्ट सांगितली जाते. कीर्तनांतून ती मराठी घरांतही कधीचीच पोचली आहे. रामानंदांकडून मंत्र मिळावा अशी कबीराची फार इच्छा होती. पण विणकराच्या, त्यातही मुसलमान विणकराच्या पोराला ते दीक्षा देणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून रामानंद पहाटे ज्या पायऱ्यांवरून स्नानाला उतरत, त्या पायऱ्यांवर तो अंधारात जाऊन आडवा पडला. त्यांचा पाय त्याच्या अंगाला लागला, त्यांच्या तोंडून रामनाम निघालं आणि कबीराने तोच गुरुमंत्र मानला. रामानंदी संप्रदायाचा श्रीमठ आजही याच घाटावर आहे, त्यामुळे गोष्टीला जागेचा भक्कम आधार मिळाला आहे.

माझा या गोष्टीवर आक्षेप आहे. ती घडली नसेल, हे त्याचं कारण नाही. संतांच्या आख्यायिकेला घडलं का, असं विचारून फारसं काही हाती लागत नाही. ती कुणाचं काय काम करते, हे विचारावं. ही आख्यायिका एका गाणाऱ्या विणकराला परवाना मिळवून देते. सूत विणता विणता जो माणूस पंडित आणि मुल्ला या दोघांना एकाच दमात जाब विचारतो, त्याला हा अधिकार दिला कुणी? आख्यायिका म्हणते, वरून मिळाला. एका आचार्याच्या पायातून, चुकून का होईना, मिळाला. कबीराच्या गाण्याचा पाच-सहा शतकांचा प्रवास पाहिला तर मला दिसतं ते याच्या उलट. त्याला अधिकार दिला तो गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी. त्या देण्यात मराठी माणसांचा वाटा मोठा आहे आणि आपण तो पुरेसा ओळखलेला नाही.

कबीराच्या आयुष्याबद्दल खात्रीने सांगता येईल असं फार थोडं आहे. तो काशीचा, जातीने जुलाहा, विणकामावर जगणारा. नीरू आणि नीमा या जुलाहा जोडप्याने त्याला वाढवलं, असं परंपरा सांगते. त्याच्या नावावरच्या जुन्या पदांत माग, ताणाबाणा, सूत हे सतत येतं. हा पोरगा विणकाम टाकून हरिनामात बुडाला, आता घर कसं चालायचं, म्हणून त्याची आई रडते, असंही एका जुन्या पदात आहे. शेवटी तो मगहरला जाऊन मेला. काशीत मरणाऱ्याला मुक्ती आणि मगहरला मरणाऱ्याला गाढवाचा जन्म, अशी समजूत असलेल्या काळात त्याने हे ठरवून केलं. मगहरला त्याची समाधी आणि मजार शेजारी शेजारी आहेत. याच्या पलीकडे जावं, तर तारखांचाच गोंधळ सुरू होतो.

परंपरेने त्याचा काळ १३९८ ते १५१८ असा दिला आहे. म्हणजे १२० वर्षांचं आयुष्य. इतकं आयुष्य कशासाठी लागलं, ते पाहण्यासारखं आहे. एका टोकाला रामानंद आहेत. त्यांचा काळ संप्रदायाच्या हिशेबाने बराच मागे जातो, तेव्हा त्यांचा शिष्य व्हायचं तर लवकर जन्मणं भाग. दुसऱ्या टोकाला सिकंदर लोदी आहे. त्याने कबीराला छळलं आणि तो त्यातून वाचला, अशी कथा आहे. सिकंदर गादीवर आला १४८९ मध्ये, तेव्हा त्याच्या हातून छळ व्हायचा तर उशिरापर्यंत जगणंही भाग. एका कथेला गुरू हवा, दुसरीला सुलतान हवा आणि या दोघांच्या सोयीसाठी एका विणकराचं आयुष्य दोन्हीकडून ताणलं गेलं. अनेक अभ्यासक मृत्यूचं वर्ष १४४८ च्या आसपास आणतात, काही १५१८ कडे झुकतात. मला यातला निकाल द्यायचा नाही. चरित्र लिहिणाऱ्यांनी आधी काय हवं ते ठरवलं आणि मग वर्षं बेतली, एवढं मात्र उघड दिसतं.

गुरूच्या बाबतीत तर हे फारच ठळक आहे. शिखांच्या आदिग्रंथात, म्हणजे १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या संकलनात, कबीराची दोनशेहून अधिक पदं आहेत, शिवाय साखीच्या वळणाचे श्लोक आहेत. त्यांत रामानंदांचं नाव गुरू म्हणून कुठेही येत नाही. सद्गुरूचा महिमा तिथे जागोजागी आहे, पण त्या सद्गुरूला नाव-गाव-मठ नाही. नाव येतं ते आपल्या नामदेवांचं. जयदेव आणि नामदेव यांचा उल्लेख कबीर आदराने करतो. त्याला कुणाची आठवण ठेवावीशी वाटली, तर ती महाराष्ट्रातल्या एका शिंप्याची. एक शिवणारा आणि एक विणणारा. दोघांच्या मध्ये निदान दोन पिढ्यांचं अंतर आहे. त्यांच्यात दीक्षा, मंत्र, कंठी असं काही घडणं शक्यच नव्हतं. पंढरपूरहून उत्तरेकडे नामदेवांची गाणी गेली होती आणि ती काशीच्या एका मागावर ऐकू आली होती. मला हा पुरावा पायरीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी बोलका वाटतो.

पायरीची गोष्ट मग आली कुठून? सोळाव्या शतकाच्या अखेरीस रामानंदी परंपरेतल्या अनंतदासांनी कबीराची 'परचई' रचली, तिच्यात रामानंदांचा पाय लागण्याचा प्रसंग येतो. त्याच सुमाराचे नाभादास हेही रामानंदीच. 'भक्तमाल'मध्ये तेही कबीराला रामानंदांच्या शिष्यांत बसवतात. पण कबीरासाठी त्यांनी जो छप्पय लिहिला, त्यात ही गोष्ट नाही. त्यात स्तुती आहे ती कबीराने वर्णाश्रमाची आणि षड्दर्शनांची भीड ठेवली नाही याची, कुणाचा पक्ष न घेता बोलला याची. एका वैष्णव संप्रदायाच्या माणसाने सोळाव्या शतकात असं लिहावं, ही मोठी गोष्ट आहे. पुढच्या शतकांत लोकांना पायरी आठवली आणि हे वाक्य मागे पडलं, याचं मला वाईट वाटतं.

आज त्या घाटावर ज्या दगडी पायऱ्या दिसतात, त्याही कबीराच्या काळच्या नाहीत. काशीचे बहुतेक घाट पक्के झाले ते अठराव्या शतकात, आणि त्यात पेशवे, होळकर, शिंदे, पंतप्रतिनिधी यांचा पैसा होता. काशीच्या इतिहासाचे अभ्यासक अनंत सदाशिव आळतेकर यांनी तर आधुनिक काशी ही बहुतांशी मराठ्यांची निर्मिती आहे, असं म्हटलं आहे. पंचगंगेवर ते डोळ्यांना दिसतं. औंधच्या प्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं मंदिर तिथे आहे. अहिल्याबाई होळकरांचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ आहे. कार्तिकात तो उजळतो. वर जुन्या बिंदुमाधवाच्या जागी औरंगजेबाच्या काळात उभी राहिलेली मशीद आहे. तिचे उंच मिनार शहरभर 'माधोराव का धरहरा' म्हणून ओळखले जात. मशिदीच्या मिनारांना विष्णूचं नाव देऊन शहर मोकळं झालं होतं. त्यातला एक १९४८ मध्ये कोसळला, आणि दुसराही मग उतरवला गेला.

या एका घाटाभोवती जमलेल्या गोष्टी एकत्र ठेवल्या, की त्यांच्यातलं नातं लक्षात येतं. पंडितराज जगन्नाथ शाहजहानच्या दरबारातले मोठे पंडित. लवंगी नावाच्या मुसलमान स्त्रीवर प्रेम केलं म्हणून काशीच्या ब्राह्मणांनी त्यांना बहिष्कृत केलं. आख्यायिका अशी, की त्यांनी घाटाच्या माथ्यावर बसून गंगालहरी म्हणायला सुरुवात केली आणि प्रत्येक श्लोकागणिक गंगा एकेक पायरी वर चढली. बावन्न पायऱ्या चढून तिने त्यांना पोटात घेतलं. विद्याधर गोखले यांच्या १९६० च्या नाटकामुळे ही कथा मराठी रसिकांना पाठ आहे, आणि गंगादशहराला गंगालहरी म्हणणारी घरंही आपल्याकडे आहेत. एकनाथांचीही गोष्ट अशीच. पैठणला सुरू केलेलं भागवत त्यांनी वाराणसीत पुरं केलं, शके १४९५ च्या कार्तिकी पौर्णिमेला, म्हणजे १५७३ मध्ये. कार्तिकी पौर्णिमा हा पंचगंगेच्या स्नानाचा सर्वांत मोठा दिवस. प्राकृतात भागवत लिहिलं म्हणून काशीच्या पंडितांनी जाब विचारला, ग्रंथाची परीक्षा घेतली आणि शेवटी मिरवणूक काढली, असं एकनाथांच्या चरित्रांत येतं.

तिन्ही गोष्टींत कुणीतरी दाराबाहेर उभा आहे. एक जन्मामुळे, एक प्रेमामुळे, एक भाषेमुळे. तिन्ही गोष्टींत त्याला आत घेतलं जातं, आणि ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. पण दार होतंच कशाला, हे एकाही गोष्टीत कुणी विचारत नाही. एकनाथांच्या आणि जगन्नाथांच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. ते दोघे त्या दाराच्या आतले, शास्त्र शिकलेले लोक होते आणि त्यांना आत जायचंच होतं. कबीराच्या पदांत मात्र दार हाच विषय आहे. देवळाचं, मशिदीचं, वेदाचं, कुराणाचं, काशीत मरून मिळणाऱ्या मुक्तीचं. त्यालाच पहाटे पायरीवर नेऊन निजवणं हा त्याच्या गाण्यावर केलेला अन्याय आहे, असं मी म्हणतो ते एवढ्यासाठी.

हिंदीत या प्रश्नावर मोठा वाद झालेला आहे आणि मराठी वाचकाला तो माहीत असावा. हजारीप्रसाद द्विवेदींचं 'कबीर' १९४२ मध्ये आलं. त्याने कबीराला हिंदी साहित्यात मोठं स्थान मिळवून दिलं, आणि रामानंदांशी असलेलं त्याचं नातंही पक्कं केलं. डॉ. धर्मवीर यांनी दलित दृष्टीतून या मांडणीवर कडाडून हल्ला केला. रामानंदांची कथा म्हणजे कबीराचं ब्राह्मणीकरण, असं त्यांचं म्हणणं. पुढे पुरुषोत्तम अग्रवाल यांनी 'अकथ कहानी प्रेम की' या २००९ च्या ग्रंथात उलट बाजू मांडली: रामानंद हे नंतरच्या संस्कृत ग्रंथांत रंगवले तसे कर्मठ नव्हतेच, हिंदीत बोलणारे, जात न मानणारे जुने रामानंद वेगळे होते, आणि कबीराचे गुरू ते असू शकतात. अग्रवालांचा मुद्दा मला विचार करायला लावणारा वाटतो. समजा, असे रामानंद होते आणि कबीर त्यांच्याकडे गेलाही होता. मग तर अंधारात लपून पायरीवर निजण्याचं कारणच उरत नाही. जात न मानणाऱ्या गुरूकडे शिष्य दिवसाढवळ्या गेला असता. म्हणजे रामानंद उदार असोत की कर्मठ, पायरीची गोष्ट दोघांचीही बाजू लंगडी करते. ती टिकली ती सांगणाऱ्यांच्या गरजेमुळे.

आता कबीराच्या कारकिर्दीकडे येतो. गायकाची कारकीर्द त्याच्याबरोबर संपते, असं आपण समजतो. कबीराची सुरू झाली ती त्याच्या मरणानंतर. त्याने स्वतः काही लिहून ठेवलं नाही. तो रचत होता, गात होता, आणि ऐकणारे ते उचलून घेऊन जात होते. कागदावर ही पदं उतरली तीही दूरदूरच्या ठिकाणी. पंजाबात गोइंदवालच्या पोथ्यांत, साधारण १५७० च्या सुमारास. राजस्थानात फतेहपूरच्या १५८२ च्या एका हस्तलिखितात, जिथे सूरदासांच्या पदांबरोबर कबीराची पंधरा पदं आहेत. मग दादूपंथीयांच्या मोठ्या संग्रहांत. पूर्वेकडे कबीरपंथीयांनी 'बीजक' जपलं. काशीच्या या माणसाची सर्वांत जुनी पदं काशीबाहेर सापडतात.

आणि हे तीन प्रदेश तीन निराळे कबीर दाखवतात. पंजाबातला कबीर संसारी आहे, भक्तीत भिजलेला आहे, आई-बायकोच्या तक्रारी त्याच्या पदांत ऐकू येतात. राजस्थानातला कबीर विरहात जळतो, देवाला साजण म्हणून हाका मारतो. कृष्णभक्तीच्या मुलखात तो गायला गेला, याची खूण त्याच्यावर आहे. बीजकातला कबीर रोखठोक आहे, समोरच्याला धरून हलवतो, पांडे आणि मौलवी यांच्या नावाने प्रश्न विचारतो. तिथे सगुण भक्ती जवळपास नाहीच. लिंडा हेस यांनी बीजकाचा अनुवाद करताना आणि पुढे माळव्यातल्या गायकांबरोबर वर्षानुवर्षं राहून हा फरक बारकाईने दाखवला आहे. यातला खरा कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर असं, की हे तिन्ही त्या त्या मुलखातल्या गायकांनी निवडलेले कबीर आहेत. गायक निवडतो, कडवं गाळतो, दुसरं घालतो, शेवटच्या ओळीत कबीराचं नाव गोवतो. ती नाममुद्रा म्हणजे सही नव्हे. गाणाऱ्याने घेतलेली साक्ष आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. असं असेल तर कुणीही काहीही रचावं आणि कबीराच्या नावावर खपवावं, मग कबीर उरला कुठे? हा धोका प्रत्यक्षात आलेला आहे. पंथातल्या काही ग्रंथांनी कबीराला युगायुगांत अवतार घेणारा देव केलं. त्याच्या नावावरच्या काही साख्यांत स्त्रीविषयी जे लिहिलं आहे, ते वाचवत नाही. रवींद्रनाथ ठाकुरांनी क्षितिमोहन सेन यांच्या संग्रहातून शंभर पदं निवडून इंग्रजीत नेली, १९१५ मध्ये ती लंडनहून जगभर गेली, आणि कबीर म्हणजे हेच असं पश्चिमेला वाटलं. जुन्या हस्तलिखितांत त्यांतली बहुतेक सापडत नाहीत. शोध घेणाऱ्या विद्वानांनाही जुनेपणाचा मोह आवरला नाही. श्यामसुंदर दासांनी काशीच्या नागरी प्रचारिणी सभेतर्फे १९२८ मध्ये 'कबीर ग्रंथावली' काढली. ज्या हस्तलिखितावर ती आधारली होती, त्यावर संवत १५६१, म्हणजे सन १५०४ अशी नोंद होती. पुढच्या अभ्यासकांनी दाखवलं, की ती नोंद वेगळ्या हाताची आहे, नंतर घातलेली आहे. संप्रदायाला गुरूचा शिक्का हवा होता, संशोधनाला तारखेचा.

म्हणून हस्तलिखितांचं काम हवंच. पारसनाथ तिवारींनी केलं, विनांद कॅलेवार्त यांनी निरनिराळ्या परंपरांच्या पोथ्या शेजारी मांडून केलं, ते मोलाचं आहे. कोणतं पद कधी कुठे गायलं जात होतं, हे त्यातून कळतं. स्त्रीनिंदेची साखी किती जुनी, हेही कळतं, आणि ती जुनी निघाली तर तीही कबीराच्याच पदरात टाकायची हिंमत आपण ठेवली पाहिजे. पण पोथी आपल्याला एवढंच सांगते, की अमुक साली हे गाणं कुणालातरी उतरवून घ्यावंसं वाटलं. त्याच वर्षी शेजारच्या गावात जे गायलं जात होतं आणि कुणी उतरवलं नाही, ते खोटं ठरत नाही. गाण्याची परंपरा लेखी पुराव्यातून चाळून घेतली, तर लिहिणाऱ्यांच्या हातचं तेवढंच वर उरतं, आणि लिहिणारे कोण होते हे आपल्याला ठाऊक आहे.

महाराष्ट्राने कबीर कसा घेतला, ते पाहिलं तर माझं म्हणणं अधिक स्पष्ट होईल. तुकाराम भक्तांची नावं घेतात, तेव्हा मुसलमान भक्तांत कबीराचं नाव येतं. वारकरी घराला त्यात काही अडचण वाटत नाही. महिपतीबुवांनी ताहराबादला बसून १७६२ मध्ये 'भक्तविजय' पुरा केला, त्यात कबीराचं आख्यान विस्ताराने येतं, आणि तिथून ते कीर्तनकारांच्या तोंडी गेलं. कबीराचे दोहे म्हटल्याशिवाय मराठी कीर्तन आजही पुढे सरकत नाही. दोह्याची भाषा परकी आहे, असं समोर बसलेल्या बाईमाणसांना वाटत नाही. हे झालं भक्तांच्या वाटेने.

दुसरी वाट विद्रोहाची. जोतीराव फुले आणि त्यांचे मित्र एका कबीरपंथी साधूकडून बीजक समजून घेत, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. बीजकातला तो जाब विचारणारा कबीर पुण्यातल्या या मंडळींना मानवला, यात नवल नाही. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. सैन्यातून निवृत्त झालेला हा सुभेदार घरात मुलांकडून नेमाने भजनं आणि दोहे म्हणवून घेत असे. ज्या मुलाला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू देत नव्हते, त्याच्या कानावर घरी रोज हे पडत होतं. पुढे बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. काशीत ज्या कबीराला चार शतकं एक गुरू चिकटवण्याची खटपट चालली होती, त्याला मुंबईत एका माणसाने स्वतःचा गुरू म्हणून निवडलं. तेव्हा कबीराची परंपरा कोणती, त्याला दीक्षा कुणी दिली, हे कुणी विचारलं नाही. त्याची गरजच नव्हती.

तिसरी वाट देवासहून येते. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचे शिवपुत्र कोमकली, म्हणजे कुमार गंधर्व, क्षयाने आजारी पडून जानेवारी १९४८ मध्ये माळव्यातल्या देवासला राहायला गेले. ऐन पंचविशीच्या आत ज्याने मैफली गाजवल्या होत्या, त्याला डॉक्टरांनी गायला बंदी केली. अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले. शेतावरच्या बायकांची गाणी, बाजारातले आवाज, दारावर येणाऱ्या नाथपंथी भिक्षेकऱ्यांची निर्गुणी भजनं. स्ट्रेप्टोमायसिनने प्राण वाचवले; पुन्हा गायला लागले तेव्हा त्यांच्या गळ्यात कबीर होता. ती पदं त्यांना फकिरांकडून आणि शीलनाथ महाराजांच्या धुनीच्या परिसरातून मिळाली. शास्त्रीय गायकाने कबीर गाणं नवं नव्हतं. पण निर्गुणी भजन गाण्याची रीतच दारावरच्या भिक्षेकऱ्याकडून शिकायची, हे त्या दर्जाच्या गायकाने करणं नवं होतं. गुरूच्या पायाशी बसून घेतलेली विद्या कुमारांकडे होती, प्रो. बी. आर. देवधरांकडे ते शिकले होते. कबीर मात्र त्यांना दारात मिळाला.

कुमारांचा कबीर अंतर्मुख आहे, एकांताचा आहे. पुण्या-मुंबईच्या सभागृहांत तो ऐकताना पंडिताला जाब विचारणारा विणकर मागे राहतो, अशी तक्रार होते. ती मला बऱ्याच अंशी मान्य आहे. पण याच पुण्यात २००२ च्या गुजरात दंगलींनंतर काही तरुणांनी 'कबीर कला मंच' उभा केला आणि जातीवर, दंगलीवर, मजुरीवर गाणी गायली. त्यांच्या काही कलावंतांवर पुढे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली खटले भरले गेले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतं वेगवेगळी असू शकतात, माझ्याही मनात काही प्रश्न आहेत. पण सभागृहातल्या निर्गुणाला आणि डफावरच्या त्या गाण्याला एकाच शहरात एकच नाव पुरतं, ही त्या नावाची ताकद आहे. पंजाब, राजस्थान आणि पूर्वेकडचा मुलूख यांनी पूर्वी जे केलं, तेच महाराष्ट्र आज करतो आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत वुडी गथ्री (१९१२–१९६७) हा ओक्लाहोमाचा गायक दुष्काळाने देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्यांबरोबर फिरला आणि त्यांची गाणी रचली. १९४० मध्ये त्याने लिहिलेलं त्याचं सर्वांत प्रसिद्ध गाणं कार्टर कुटुंबाच्या रेकॉर्डवरच्या जुन्या चालीवर आहे, आणि ती चाल चर्चमधल्या भजनांच्या वळणाची आहे. चाल लोकांची, शब्द त्याचे. मग शाळांतून ते गाताना त्यातली टोकदार कडवी गळून पडली आणि चळवळींनी ती पुन्हा आणली. कागदावर कर्ता नोंदलेला असूनही गाणं गाणाऱ्यांच्या स्वाधीन झालं.

आपल्याकडे याचं सर्वांत जवळचं उदाहरण वामनदादा कर्डक आहेत. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा मुंबईला आले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं. अक्षरं त्यांनी मोठेपणी चाळीत शिकली. १९४३ मध्ये पहिलं गाणं केलं, तेही त्या वेळच्या एका हिंदी गाण्याच्या चालीवर. त्यानंतर साठ वर्षं, १५ मे २००४ रोजी मृत्यू येईपर्यंत, ते गावोगाव गात हिंडले. हजारो गाणी रचली, गायकांना देऊन टाकली. शेवटच्या कडव्यात 'वामन' ही नाममुद्रा. जयंतीच्या रात्री एखाद्या खेड्यात गाणारी पोरं ज्या आत्मीयतेने ती घेतात, ती पाहिली की कबीराची पदं पंजाबपर्यंत कशी गेली असतील, हे पोथ्यांपेक्षा चांगलं समजतं.

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. वामनदादांनी 'माझ्या जीवनाचं गाणं' या नावाने स्वतःची कहाणी स्वतः लिहिली. आपला गुरू कोण, हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं. बाबासाहेबांचं नाव त्यांच्या गाण्यांतून कुणी वेगळं काढू शकणार नाही. कबीराला ती सोय नव्हती. तो गेल्यावर ज्यांच्या हाती लेखणी होती, त्यांनी त्याला पायरीवर निजवलं. वामनदादांची गाणी मात्र आजही वह्यांत, कॅसेटांत, जलसे करणाऱ्यांच्या पाठांतरात विखुरलेली आहेत. ती गाणारी पहिली पिढी आता म्हातारी झाली आहे. एकेका गायकाकडे बसून, त्याच्या तोंडचं कडवं जसंच्या तसं, त्याने घातलेल्या बदलासकट, गावाच्या आणि वर्षाच्या नोंदीसह उतरवून घेण्याचं काम विद्यापीठांच्या मराठी विभागांनी हाती घेण्यासारखं आहे. गोइंदवालला पोथ्या लिहिणाऱ्यांनी कबीर गेल्यावर जे केलं, ते इथे गाणारे हयात असताना करता येईल.